पुन्हा पुन्हा भरणारा वर्ग : जामखेडच्या आरोग्य सेविका आणि एका दुष्काळी तालुक्याची उभारणी

जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, खाली करमाळा. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यात, आणि १७९५ ची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास बाजूला ठेवला तर तालुक्याची ओळख पर्जन्यछायेचा मुलूख हीच. रब्बीची ज्वारी साधली तर साधली; नाहीतर मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि कोयता घेऊन उसाच्या फडावर जायचं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचं. त्यानंतर याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काम, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. वडाळ्याला त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. खाटेवर येणारे बहुतेक आजार घरातच, चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी टाळता येण्यासारखे असतात. जुलाबाने सुकलेलं मूल सलाइन लावून बरं करून पाठवलं, तरी तेच मूल थोड्या दिवसांनी पुन्हा दारात. म्हणून जामखेडला रुग्णालय काढलं खरं, पण कामाचा जीव गावांत ठेवायचा असं ठरलं.

या कामाकडे सहसा आरोग्याचा प्रयोग म्हणून पाहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या निवडक लोकाधारित प्रयोगांची नोंद घेतली, त्यात जामखेड होतं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना मांडली गेली, तिच्यामागेही असेच प्रयोग होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये दोघांनाही पद्मभूषण. इथे मात्र आपण त्याकडे प्रौढशिक्षणाचं प्रकरण म्हणून पाहणार आहोत. शाळेत न गेलेल्या बायका वयाच्या तिशी-चाळिशीत शिकायला बसल्या आणि पुढे वीस-तीस वर्षं शिकतच राहिल्या, तर एका तालुक्याचं काय होतं? आमच्या मते इथे जे बदललं, त्याचं श्रेय अभ्यासक्रमापेक्षा वेळापत्रकाला जास्त जातं.

पहिला डाव फसला तो असा

सुरुवातीची योजना कागदावर अगदी व्यवस्थित होती. प्रशिक्षित नर्स गावात राहील, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि आरोग्यशिक्षण पाहील, आणि अवघड रुग्ण जामखेडला पाठवेल. प्रत्यक्षात नर्स गावात टिकेना. शहरात शिकलेल्या, बहुधा अविवाहित मुलीला परक्या गावात एकटीने राहणं सुरक्षित वाटत नव्हतं. गावातल्या बायकांना ती पाहुणी वाटे. तिची भाषा वेगळी, लुगडं वेगळं, आणि स्वतः बाळंत न झालेली पोर आपल्याला बाळंतपणाचं काय सांगणार, हा प्रश्न बायकांच्या डोळ्यांत असेच. तिचं म्हणणं त्या ऐकत, मान हलवत आणि घरी जाऊन सासूने सांगितलेलं करत.

तोड गावकऱ्यांच्या बोलण्यातून निघाली : आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. मग गावाने आपली बाई निवडायची असं ठरलं. ती लग्न झालेली, त्याच गावात नांदणारी, रात्री-अपरात्री कुणाच्याही घरी जाऊ शकेल अशी असावी. अक्षरओळखीची अट ठेवली नाही. ठेवली असती तर त्या काळात निवडायला कुणी उरलंच नसतं. निवडल्या गेलेल्यांत बऱ्याच जणी दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही मजुरीवर जगणाऱ्या. यामागे एक व्यवहारही होता. ज्या घरातली बाई उंबरा ओलांडत नाही, ती आठवड्याला जामखेडला कशी जाणार? ज्यांना आधीच बाहेर पडावं लागत होतं, त्याच आल्या.

वेळापत्रक

सुरुवातीच्या काळात सेविका दर आठवड्याला दोन दिवस जामखेडला येत आणि मधली रात्र तिथेच मुक्काम करत. बाकीचे पाच दिवस आपल्या गावात. हा पाच-दोनचा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे. तीन महिन्यांचं निवासी प्रशिक्षण घेतलं तर तासांची बेरीज कदाचित तेवढीच भरेल. पण निवासी वर्गात शिकणाऱ्या बाईकडे विचारायला प्रश्नच नसतात, कारण तिने अजून काही करून पाहिलेलं नसतं. प्रश्न येतात ते कामाला हात घातल्यावर. आणि तोवर वर्ग संपलेला असतो.

इथे उलट होतं. सोमवारी शिकलेलं बुधवारी कुणाच्या तरी घरात फसायचं आणि पुढच्या आठवड्यात तेच फसलेलं घेऊन बाई वर्गात यायची. म्हणून बैठकीची सुरुवात नव्या विषयाने व्हायची नाही. आधी प्रत्येकीने आपल्या गावाचं सांगायचं : कोण आजारी, कुणाचे दिवस भरत आले, कोण ऐकत नाही आणि का ऐकत नाही. त्यातून त्या दिवसाचा धडा निघायचा. चित्रं, कापडी फलक, बाहुली, गाणं, छोटं नाटुकलं ही साधनं. वही-पेन्सिल नंतर आली. लिहिता येत नसल्यामुळे स्मरणावर सगळा भार. तो पेलायला एकच उपाय होता : शिकलेलं लगेच दुसरीला शिकवून दाखवायचं. जिला दुसरीला समजावता येईना, तिला ते स्वतःलाच कळलेलं नाही असं धरायचं.

मुक्कामाच्या रात्रीचाही एक धडा होता, तो कुठल्याच पाठ्यक्रमात लिहिलेला नव्हता. वेगवेगळ्या जातींच्या बायका पहिल्यांदाच एका छपराखाली झोपत होत्या, आणि अंथरुणं लांब लांब पडत होती. तेव्हा पांघरुणं जोडून सगळ्यांना पुरेल असं एकच मोठं पांघरूण शिवलं गेलं. नगरच्या डिसेंबरातल्या थंडीत वेगळं निजायचं तर कुडकुडत निजावं लागणार होतं. एकत्र स्वयंपाक आणि एका माठातलं पाणी हेही त्याच मार्गाने आलं. यावर भाषण दिलं असतं तर किती जणी पुढच्या आठवड्यात परत आल्या असत्या, कोण जाणे.

एक धडा जवळून : जुलाब

अशा वर्गात एखादा विषय किती बारकाईने बसवावा लागतो, हे पाहायचं तर जुलाबाचा धडा घ्यावा. ऐकायला सोपा. स्वच्छ पाणी १ लिटर, साखर सपाट ६ चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. हलवायचं, थोडं थोडं पाजायचं. संपलं.

संपत नाही. पहिली अडचण लिटरची. खेड्यातल्या घरात लिटरचं माप नसतं, तांब्या असतो, आणि प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. म्हणून प्रत्येकीने घरचा तांब्या वर्गात आणायचा, मापाने पाणी ओतून पाहायचं, आणि आपल्या तांब्यात लिटर कुठवर येतं ते बोटाने लक्षात ठेवायचं. दुसरी अडचण चमच्याची. ‘सपाट’ म्हणजे बोटाने वरचा ढीग सारून टाकलेला. ढीग तसाच राहिला तर मीठ जवळजवळ दुप्पट पडतं, आणि जास्त मीठ पडलेलं पाणी सुकलेल्या मुलाच्या जिवावर उठू शकतं. साखर कमी-जास्त झाली तर इतकं बिघडत नाही, मिठात चूक चालत नाही. त्यामुळे शेवटची परीक्षा जिभेची : केलेलं पाणी आधी स्वतः चाखायचं. डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. वाचता न येणाऱ्या बाईला हे माप आयुष्यभर पुरतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती ज्ञानाची नाहीच. जुलाब लागलेल्या मुलाला पाणी दिलं की जुलाब वाढतात, असा घरोघरी समज. आईला ते डोळ्यांनी दिसतंही : पाजलं की थोड्या वेळाने पुन्हा पातळ होतं. मग ती पाणी तोडते, दूध तोडते, कधी अन्नही तोडते. इथे ‘तुमचं चुकतंय’ म्हटलं की संवाद तुटला. त्याऐवजी भोक पडलेल्या मडक्याचं उदाहरण चालतं. मडकं गळतंय म्हणून पाणी ओतणं थांबवलं तर ते लवकर रिकामं होईल, भोक काही बुजणार नाही. आणि बोलण्यापेक्षा करून दाखवणं बरं : सेविकेने स्वतः आईच्या शेजारी बसायचं, वाटी-चमच्याने दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. तास-दोन तासांत मुलाला लघवी झाली, तोंड ओलं झालं की आईला पटतं. त्या आईला पटलं की गल्लीला पटतं.

आणि कधी थांबायचं तेही शिकवावं लागतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली जाते, डोळे खोल गेलेत, मूल पाणी घेईना किंवा सुस्त पडलंय, शौचात रक्त आहे : यातलं काहीही दिसलं की घरचा उपाय पाजत पाजतच रुग्णालय गाठायचं. आता या धड्यात जस्ताच्या गोळीची भर पडली आहे : सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. चूक कुठे होते? तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई गोळी बंद करते. ते पुढच्या आठवड्याच्या बैठकीत कळतं, म्हणून गोळी देतानाच १४ दिवसांची पट्टी भिंतीला टांगून रोज एक खूण करायला लावायची, ही युक्ती वर्गातूनच निघते.

बाळंतपणाचा विषय याहून जुना आणि याहून चिवट. नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या धारेने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, पहिला चीक पिळून टाकून द्यायचा. धनुर्वाताने बाळ सातव्या-आठव्या दिवशी गेलं की सटवीला दोष. त्यावरची उत्तरं साधी होती : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, उकळलेलं नवं पातं, उकळलेला दोरा, नाळेला काहीही न लावणं, आणि गरोदरपणात आईला चार आठवड्यांच्या अंतराने धनुर्वाताच्या दोन सुया. गावातल्या जुन्या सुइणीला बाजूला न सारता तिलाही सोबत घ्यावं लागे. तिला हटवली तर बाई अडचणीच्या वेळी सेविकेऐवजी तिलाच बोलावणार, हे उघड होतं.

गाव का ऐकू लागलं

पहिल्या दिवसांत सेविकेकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. लोकांना सुई हवी होती, डॉक्टर हवा होता. कालपर्यंत आपल्या बांधावर खुरपणीला येणारी बाई आज पोराच्या खाण्याबद्दल सांगते, हे पचणारं नव्हतं.

हे वळण घडवलं फिरत्या पथकाने. डॉक्टर, नर्स, समाजसेवक गावात येत तेव्हा थेट रुग्ण पाहायला बसत नसत. आधी सेविकेला सोबत घेऊन घरोघर फिरायचं, तिचं मत लोकांसमोर विचारायचं, ती बरोबर असेल तर ‘हिने आधीच ओळखलं होतं’ असं चारचौघांत म्हणायचं. तिची चूक असेल तर ती जामखेडच्या वर्गात दुरुस्त करायची, चावडीवर नाही. बाहेरून क्षुल्लक वाटेल, पण प्रौढ माणसाला शिकवण्यातली ही सगळ्यात महागडी चूक टाळली गेली. प्रौढ शिकणाऱ्याची गावात पत असते, आणि एकदा ती गेली की पुढचं शिक्षण फुकट. कितीतरी ठिकाणी पर्यवेक्षक गावात येऊन वही उघडतो आणि सगळ्यांदेखत ‘हे रकाने का भरले नाहीत?’ असं विचारतो. त्या बाईचं काम त्या दिवशी संपतं. कागदावर ते पुढे अनेक वर्षं चालू दिसतं.

आरोग्याकडून पाण्याकडे, पाण्याकडून जमिनीकडे

एखाद्या प्रदेशाची उभारणी म्हणतात ती इथून सुरू होते, आणि ती क्रमाने आखलेली नव्हती. १९७२ च्या दुष्काळाने क्रम ठरवून दिला. मुलं उपाशी असताना लसीकरणाचं बोलणं शक्य नव्हतं. गावोगाव लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदायच्या होत्या. त्या कुठे खोदायच्या हा पाण्याइतकाच जातीचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. मग गावातल्या सगळ्या बायकांना हंडा घेऊन तिकडेच जावं लागलं. ज्या विहिरीवर शिवू दिलं जात नव्हतं, तिथला हा व्यवहार उलटा झाला. हातपंप चालला तर तो गावाचा झाला, आणि त्याचं वायसर बदलणं, साखळीला ग्रीस लावणं, दांड्याचा बोल्ट आवळणं ही नवी विद्याही गावात कुणाला तरी शिकावी लागली. बंद पडलेला हातपंप हा जगातल्या सगळ्या ग्रामीण योजनांचा सामायिक पुतळा आहे. तो उभा राहण्याचं कारण एकच, दोन रुपयांचं वायसर बदलणारं माणूस जिल्ह्याच्या गावी बसलेलं असतं.

पुरुषांना बैठकीत आणणं बायकांपेक्षा अवघड गेलं. त्यांना संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या निमित्ताने गोळा करायचं, खेळ झाला की तिथेच बसून बोलायचं, असं करत तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. पुढे बांधबंदिस्ती, झाडं लावणं, जनावरांची काळजी हे विषय त्यांच्याकडे आले. तिथेही शिकण्याची रीत तीच : आधी एका शेतात करून पाहायचं.

समपातळी चराचंच पाहा. उतारावर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा, माती खालच्या अंगाला टाकायची, पडलेलं पाणी तिथेच मुरवायचं, एवढी कल्पना कुणालाही कळते. फसते ती रेषा. डोळ्याच्या अंदाजाने आखलेला चर एका टोकाला वीतभर जरी खाली गेला, तरी सगळं पाणी त्या टोकाला धावतं, तिथला भराव फोडतं आणि खाली नवी घळ पाडतं. न केलेलं काम बरं म्हणायची वेळ येते. म्हणून इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि तिच्या शेंड्यातून सोडलेला ओळंबा, नाहीतर पाणी भरलेली पारदर्शक नळी, यांनी रेषा काढायला शिकावं लागतं. चौकट आधी स्वतःशी तपासायची असते : दोन खुंट्यांवर उभी करून ओळंब्याची खूण करायची, पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करायची, आणि दोन खुणांच्या बरोबर मधली खूण हीच खरी पातळी. हे एका दुपारी शिकता येतं. पण चर टिकला की नाही ते पहिल्या मोठ्या पावसानंतर कळतं. म्हणजे शिकवणाऱ्याने पावसाळ्यात पुन्हा यायला हवं. बहुतेक प्रशिक्षणं मे महिन्यातच संपलेली असतात.

महिला मंडळांचं वळण पैशाचं होतं. सेविकेचं ऐकणाऱ्या बायका आधी गाण्याला, मग गप्पांना, मग बचतीला जमू लागल्या. बँकेत स्वतःच्या नावाने खातं, मग कर्ज, त्यातून शेळ्या, बांगड्यांची पेटी, भाजीचा किंवा सुकट-बोंबलाचा बाजार. रक्कम लहान, पण ती हातात आली ती घरातल्या पुरुषाला न विचारता. मुलीचं लग्न लवकर करायचं की तिला पुढे शिकू द्यायचं, हा निर्णय चुलीशेजारी बदलायला या रकमेचा हात लागला. रुग्णालयाच्या आवारात कृत्रिम पायांची कार्यशाळा उभी राहिली. जयपूर फूट बनवायला शिकले ते फारशी शाळा न पाहिलेले स्थानिक तरुण. मोजमाप घेणं, साचा ओतणं, नळी कापून बसवणं, रुग्णाला चालवून पाहणं, टोचतं तिथे पुन्हा घासणं. उसाच्या फडावर किंवा वाहनाखाली पाय गमावलेल्या माणसाला पुण्या-मुंबईला हेलपाटे घालावे लागू नयेत, एवढं या एका कौशल्याने साधलं.

आकडे, आणि त्यांना लावायची चाळणी

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये वर्षाच्या आतला बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. १९७६ मध्ये तो ५२ वर आला. त्या पाच वर्षांत गरोदर बायकांची तपासणी जवळजवळ शून्यावरून ८० टक्क्यांच्या आसपास गेली. १९७१ मध्ये देशाचा बालमृत्यू दर १२९ होता, आणि तो शंभराच्या खाली यायला १९८० चं दशक अर्धं सरावं लागलं.

या आकड्यांपुढे लगेच हात जोडायची गरज नाही. नोंदी प्रकल्पाच्याच आहेत. लोकसंख्या लहान, त्यामुळे एखाद्या वर्षी चार-दोन मृत्यूंनी दर वरखाली होतो. आणि १९७१ ते ७६ च्या मध्ये दुष्काळ, धान्यवाटप, कूपनलिका असं बरंच काही एकाच वेळी घडलं. त्यातलं शिकण्याचं किती आणि पाण्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये आलेला अभ्यास जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात प्रकल्पाची गावं आणि शेजारची तशीच गावं यांची मागे जाऊन तुलना केली होती. जन्मानंतरचा पहिला महिना पार केलेल्या मुलांत, पाच वर्षांच्या आत मृत्यू येण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंवर मात्र तसा परिणाम ठामपणे दिसला नाही. हे पटण्यासारखं आहे. जुलाब, कुपोषण, लसीकरण यांवर आईचं शिकणं काम करतं. अपुऱ्या दिवसांच्या, गुदमरलेल्या बाळाला सेविकेच्या ज्ञानासोबत ऑक्सिजन आणि वाहन लागतं.

तीन महिन्यांत काय होतं

जामखेडसारख्या प्रयोगांच्या काळातच केंद्र सरकारने गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्याची देशव्यापी योजना आणली. तारीख २ ऑक्टोबर १९७७. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या काळात दरमहा २०० रुपये, नंतर दरमहा ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं. चौकट तीच दिसते. फरक दोन. निवडलेले बहुतेक पुरुष होते, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीचं दार त्यांना बंद. आणि तीन महिन्यांनंतर वर्ग कायमचा सुटला. औषधांचा पुरवठा अडला की त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरत नसे, कारण शिकवलेलं मुख्यतः गोळी द्यायचंच होतं. योजनेची नावं पुढे बदलत गेली आणि ती हळूहळू विरली.

२००५ नंतरच्या आशा योजनेने यातला एक धडा घेतला : बाई हवी, गावातलीच हवी. सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, तेही सात दिवस आणि मग चार-चार दिवसांच्या चार फेऱ्या असं वर्षभरात विभागलेलं. हे तीन महिन्यांच्या सलग वर्गापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. पण आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीत आज बहुतेक वेळ जातो तो नोंदवह्या, ऑनलाइन भरणा आणि मोबदल्याच्या दाव्यांत. ‘कोण ऐकत नाही आणि का ऐकत नाही’ याला वेळ उरत नाही. आमच्या मते बैठकीतला पहिला तास कागदाला न लावता या प्रश्नाला दिला, तरी पुष्कळ बदलेल. त्यासाठी नवा निधी लागत नाही, तालुका पातळीवरच्या एका परिपत्रकाने भागेल.

ज्यांना असा वर्ग आपल्या भागात उभा करायचा आहे, त्यांनी अडणाऱ्या जागा आधीच हेरून ठेवाव्यात. वर्गात वीस-पंचवीसच्या वर बायका घेऊ नयेत, नाहीतर प्रत्येकीचं सांगणं होत नाही आणि बैठक भाषणावर येते. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हातात त्याच दिवशी द्यावी. ‘पुढच्या महिन्यात एकदम’ म्हटलं की सगळ्यात गरीब बाई गळते, म्हणजे नेमकी हवी असलेली. तान्ही मुलं सोबत येणार हे धरून पाळण्याची आणि दूध-भाकरीची सोय करावी. दिवस ठरवताना आठवडी बाजार टाळावा. सुगीत ज्वारी काढणीला आली की हजेरी निम्मी होते. त्या दिवसांत बैठक पंधरवड्याची करावी, रद्द करू नये. एकदा रद्द झालेली बैठक पुन्हा उभी करायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात. आणि सहा-आठ महिन्यांनी जुन्या सेविकेलाच नवीला शिकवायला बसवावं. जामखेडला पुढे जगभरातले डॉक्टर आणि विद्यार्थी शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोर शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या.

तेलाचा हिशोब

जामखेडच्या एका सेविकेने परदेशातल्या परिषदेत झगमगत्या झुंबराची आणि एका पणतीवरून पेटत जाणाऱ्या पणत्यांची तुलना केली होती. ते भाषण आजही जिथे-तिथे सांगितलं जातं. पणतीला तेल कोण घालतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. दर आठवड्याचा वर्ग म्हणजे दर आठवड्याचं जेवण, भाडं, जागा, शिकवणारे. इथे मुख्य आधार होता रुग्णालयाचा. परवडेल अशा दरात शस्त्रक्रिया आणि उपचार, त्यातून येणारं शुल्क, आणि सोबत देणग्या. गावात आजार कमी झाले की रुग्णालयाकडे येणारे साधे रुग्ण कमी होतात. म्हणजे शिकवण जितकी यशस्वी, तितकं तेल आटतं. अशी संस्था चालवायची तर एक हात नेहमी अवघड शस्त्रक्रियांवर आणि दुसरा देणगीदारांकडे ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे रुग्णालय नाही, त्यांनी हा वर्ग ग्रामपंचायतीच्या आराखड्यात, महिला-बालकल्याणाच्या तरतुदीत बसवावा. तो बसतो, फक्त दरवर्षी ग्रामसभेत मागावा लागतो.

आता वर्गात काय शिकवायचं

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ मध्ये. पहिल्या पिढीतल्या सेविका थकल्या, काही राहिल्या नाहीत. दरम्यान त्यांच्या मूळ कामाचा मोठा भाग दुसऱ्यांकडे गेला. जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, २०१४ पासून १०८ ची गाडी येते, लस अंगणवाडीत मिळते, गावागावांत आशाताई आहेत. नवी सून शिकलेली असते, तिला मोबाइलवर सगळं मिळतं. त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे सांगायला मात्र कुणी शेजारी नसतं. आठवड्याला दोन दिवस फुकट यायला ती तयार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. तिच्या सासूच्या पिढीकडे दुसरा पर्याय नव्हता.

गावातले आजार आता रक्तदाब आणि साखरेचे. दिसायला हा विषय जुलाबापेक्षा सोपा : पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा वाचायचा. पण बाई आधी पाच मिनिटं टेकून बसलेली हवी, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या पातळीवर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. आणि पट्टा हाताच्या घेराला बसणारा हवा. मोठ्या माणसांसाठी मिळणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. आयुष्यभर कोयता चालवलेल्या बाईचा दंड बऱ्याचदा त्याहून बारीक. मोठा पट्टा बारीक दंडाला बांधला की आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो, आणि १५० चा रक्तदाब ‘नॉर्मल’ म्हणून वहीत जातो. तांब्यातला लिटर जसा बोटाने लक्षात ठेवावा लागला, तसा दंडाचा घेर आता शिवणकामाच्या टेपने मोजावा लागतो.

पट्टा बरोबर बसला, आकडा सापडला, आरोग्य केंद्रातून गोळी सुरू झाली की पुढचा प्रश्न येतो. गोळी रोजची, जन्मभराची. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते तेव्हा त्या बाईच्या पिशवीत ३० गोळ्याच असतात. फड एप्रिलपर्यंत चालतो.